फ्राइज एअर फ्रायरमध्ये केल्या, म्हणजे रोज चालतील का?



गेल्या काही वर्षांत पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी पालक विचारायचे, "मॅडम, डब्यात फ्राइज दिल्या तर चालतील का?" विचारतानाच आवाजात थोडा संकोच असायचा, कारण उत्तर त्यांनाही ठाऊक असायचं. आता प्रश्नाची भाषा बदलली आहे. "मॅडम, आम्ही एअर फ्रायरमध्ये करतो. तेल जवळपास नसतंच. मग रोज दिल्या तर काय हरकत आहे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पालकांनी काही हजार रुपये खर्च करून यंत्र आणलं, ते मुलांच्या तब्येतीचा विचार करूनच आणलं. त्यामुळे "फ्राइज वाईटच" असं एका वाक्यात उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. घरी, ताज्या बटाट्याच्या, एअर फ्रायरमध्ये केलेल्या फ्राइज या कढईत तळलेल्यांपेक्षा नक्कीच बऱ्या. जरूर करा. पण 'कमी तेलाचं' आणि 'पौष्टिक' हे समानार्थी शब्द नाहीत. आणि पदार्थ कसा केला याच्याइतकंच तो कितीदा केला यालाही महत्त्व आहे. यंत्राने पहिली गोष्ट सुधारली, पण त्याच्या भरवशावर आपण दुसरी बिघडवतोय, असं मला वाटतं.

हे यंत्र नेमकं करतं काय?

नावात 'फ्रायर' असलं तरी या यंत्रात काही तळलं जात नाही. वरच्या बाजूला विजेवर तापणारी कॉइल असते आणि तिच्याजवळ पंखा. पंखा गरम हवा जाळीच्या टोपलीतून जोरात फिरवतो. म्हणजे ही एक छोटी, जोरदार वाऱ्याची भट्टीच झाली. २०१० मध्ये फिलिप्स कंपनीने 'एअर फ्रायर' या नावाने हे यंत्र बाजारात आणलं आणि नंतर इतर कंपन्यांनीही आपापली यंत्रं आणली.

कढईत काय होतं? साधारण १८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात बटाटा पडला की त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्याची लगेच वाफ होते. ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ. पाणी गेलं की वरचा थर कोरडा, कुरकुरीत होतो आणि पाण्याच्या रिकाम्या जागेत थोडं तेल शिरतं. एअर फ्रायरमध्येही पृष्ठभागावरचं पाणीच उडवायचं असतं, पण ते काम गरम हवा करते. तेलाच्या मानाने हवा उष्णता सावकाश पोचवते, म्हणून कढईत पाच-सहा मिनिटांत होणाऱ्या कामाला इथे पंधरा-वीस मिनिटं लागतात. बटाट्याला लागलेला तेलाचा पातळ थर रंग, चव आणि कुरकुरीतपणा यायला मदत करतो. म्हणून 'अजिबात तेल नको' हा आग्रह धरू नका. चमचा-दोन चमचे तेलाने चव येते आणि मूल आनंदाने खातं.

फायदा कुठे आहे, ते मान्य करू

पहिला फायदा तेलाचा. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी मिळतात, म्हणजे तेलाला दुपटीहून जास्त. तळलेल्या फ्राइजमध्ये १०० ग्रॅममागे साधारण १५ ग्रॅम तेल असतं. घरी केलेल्या एअर फ्रायरच्या फ्राइजमध्ये आपण घालू तेवढंच.

दुसरा फायदा कुणी फारसा बोलत नाही, पण माझ्या मते तोच मोठा आहे. तळण झाल्यावर कढईत तेल उरतं. आपल्या घरांत ते टाकायचं जिवावर येतं. गाळून ठेवायचं, मग दोन दिवस फोडणीला, मग पुन्हा पापड तळायला. वारंवार तापवलेल्या तेलात नको ते घटक तयार होत जातात. हॉटेलवाल्यांसाठी एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून मर्यादा लागू केली आहे. तळणाच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरच्या कढईतलं तेल कोण मोजणार? एअर फ्रायरमध्ये उरलेल्या तेलाचा प्रश्नच येत नाही.

इथपर्यंत यंत्राला पैकीच्या पैकी गुण. आता पुढचं गणित बघा.

चौथीच्या मुलांना सोडवता येईल असं उदाहरण

चार माणसांसाठी अर्धा किलो बटाटे घेतले. प्रत्येकाच्या वाट्याला १२५ ग्रॅम कच्चा बटाटा आला. तो कढईत तळला तर पाणी उडून साधारण ७० ग्रॅम फ्राइज होतात आणि त्यांत अंदाजे १० ग्रॅम तेल जातं. तोच बटाटा एअर फ्रायरमध्ये केला, दोन लहान चमचे म्हणजे सुमारे ९ ग्रॅम तेल चोळलं, तर माणशी वाटा सव्वादोन ग्रॅमचा.

आता दोन घरं धरू. पहिल्या घरी पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, कढईत फ्राइज तळतात. दुसऱ्या घरी एअर फ्रायर आहे, म्हणून आठवड्यातून तीनदा होतात, म्हणजे पंधरा दिवसांत सहा वेळा.

पहिल्या घरच्या मुलाच्या पोटात गेलेलं तेल : १० ग्रॅम.
दुसऱ्या घरच्या मुलाच्या पोटात गेलेलं तेल : ६ × २.२५ = १३.५ ग्रॅम.

यंत्र असलेल्या घरात तेल जास्त गेलं! मिठाचं आणि केचपचं तर विचारूच नका. प्रत्येक वेळी मीठ भुरभुरलं, म्हणजे तेही सहा वेळा. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांना तर त्याहूनही कमी. एक टेबलस्पून केचपमध्ये जवळपास चहाचा एक चमचा साखर असते. मूल एका चमच्यावर थांबत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

हे आकडे अंदाजे आहेत, तुमच्या घरचे थोडे वेगळे येतील. मुद्दा वेगळाच आहे. भागाकाराने जे कमावलं ते गुणाकाराने घालवायचं, असा हा प्रकार. यंत्र आल्यावर पूर्वी जितक्यांदा फ्राइज व्हायच्या तितक्यांदाच झाल्या, तर फायदा खरा. 'हेल्दी आहे' म्हणून वाढवल्या, तर फायदा संपला.

डब्यात बटाट्याची जागा कुठली?

बटाटा काही खलनायक नाही. त्यात पोटॅशियम आहे, 'क' जीवनसत्त्व आहे, पोट भरतं, आणि गरिबाच्या घरातही तो असतो. पण दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा त्यात बटाटा, रताळं यांसारखी कंदमुळं धरत नाही. कारण ती पिष्टमय आहेत, पोळी-भाताच्या पंगतीत बसणारी.

म्हणून डब्यात पोळी आणि शेजारी फ्राइज असतील, तर ते पोळीशी पोळी खाण्यासारखं झालं. भाजीची जागा रिकामी राहिली, प्रथिनांची जागाही रिकामी राहिली. आपल्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. त्या खिचडीत डाळ, कडधान्य का असतं ते या १२ ग्रॅमवरून कळतं. १२५ ग्रॅम बटाट्यात प्रथिनं साधारण अडीच ग्रॅम. तो हवेवर भाजा नाहीतर तेलात तळा, हा आकडा काही वाढत नाही.

म्हणून फ्राइज द्यायच्याच असतील तेव्हा सोबत मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची चटणी किंवा घट्ट दही यांपैकी काहीतरी हवं. काकडी-गाजराचे तसेच लांब काप केले तर मुलं एकदमच उचलून खातात. केचपऐवजी दह्यात जिरेपूड, पुदिना आणि किंचित मीठ घालून बघा. मुलांना बुडवून खायला काहीतरी हवं असतं, ते केचपच हवं असं नाही.

घरी करायच्या तर अशा करा

कृती सोपी आहे. प्रत्येक पायरीचं कारण मात्र मुलांना सांगा.

१. बटाटे : टणक, कोरडे, मोठे बटाटे घ्या. हिरवे पडलेले किंवा खूप कोंब आलेले घेऊ नका, त्यांत सोलॅनिन नावाचा विषारी घटक वाढलेला असतो. बटाटे टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवा. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातल्या काही स्टार्चची साखर होते आणि असे काप लवकर काळपट होतात.

२. चिरणं : साधारण एक सेंटिमीटर जाडीचे, सगळे सारखे काप करा. लहान-मोठे झाले तर एक कच्चा राहतो आणि दुसरा करपतो. साल पातळ असेल तर स्वच्छ घासून धुवा आणि तशीच ठेवा.

३. भिजवणं : अर्धा तास पाण्यात ठेवा. पाणी दुधाळ होतं, तो सुटा स्टार्च. तो निघाला की काप एकमेकांना चिकटत नाहीत. थोडी साखरही निघून जाते.

४. कोरडे करणं : सुती पंचावर पसरून अगदी खडखडीत टिपून घ्या. ही पायरी टाळली की फ्राइज मऊ, गिळगिळीत होतात आणि दोष यंत्राला जातो.

५. तेल : अर्ध्या किलोला दोन लहान चमचे. हाताने चोळून सगळ्या कापांना लावा.

६. भाजणं : १८० अंशांवर तीन मिनिटं यंत्र तापवा. काप टोपलीत विरळ ठेवा. ठासून भरलं तर हवा फिरत नाही. जास्त असतील तर दोन घाणे करा. पंधरा ते वीस मिनिटं ठेवा, मध्ये एकदा टोपली हलवा.

७. मीठ शेवटी : वरून भुरभुरलेलं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून कमी पुरतं. मिरपूड, जिरेपूड, आमचूर घातलं तर आणखी कमी चालतं.

रंगाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले किंवा भाजले की त्यांत अॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. ते साधारण १२० अंशांच्या वर तयार होऊ लागतं आणि पदार्थ जितका तपकिरी, तितकं ते जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. घाबरून जायचं कारण नाही. पण एअर फ्रायरलाही यातून सूट नाही, कारण तिथेही तापमान तेच असतं. उपाय सोपा आहे. काप सोनेरी पिवळे झाले की काढा. 'आणखी थोडं कडक होऊ दे' म्हणत तांबूस-काळे करू नका.

आणि सुरक्षिततेचं सांगायचं तर अशी बरीच यंत्रं १४०० वॅटच्या आसपासची असतात. ती साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. टोपली मोठ्यांनीच बाहेर काढावी.

पाकिटातल्या फ्राइजचं काय?

बाजारातल्या फ्रोजन फ्राइज एअर फ्रायरमध्ये टाकून 'आम्ही तेल घातलंच नाही' असं अनेकजण प्रामाणिकपणे सांगतात. पण या फ्राइज कारखान्यात बहुतेक वेळा आधीच अर्धवट तळलेल्या असतात. तेल तिथेच लागलेलं असतं. पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. बटाट्यापाठोपाठ कुठलं तेल लिहिलंय, १०० ग्रॅममागे चरबी किती, सोडियम किती, हे वाचायला दोन मिनिटं लागतात. हे वाचन मुलाकडून मोठ्याने करून घ्या. मराठी-इंग्रजी वाचनाचा सराव होईल आणि दुकानात गेल्यावर पाकीट उलटं करून बघायची सवयही लागेल.

यंत्र नसेल तर?

तर काहीही बिघडत नाही. आपल्याकडे बटाट्याच्या काचऱ्या पूर्वापार होतात. लोखंडी तव्यावर किंवा कढईत दोन चमचे तेल, जिरं, हिंग, हळद, पातळ काप, वर झाकण आणि मंद आच. शेवटी झाकण काढून दोन मिनिटं परतलं की कडा खरपूस होतात. तेल जवळपास एअर फ्रायरइतकंच. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटांत चांगल्या फ्राइज होतात. रताळ्याच्या, सुरणाच्या, कच्च्या केळ्याच्या कापांनाही हीच रीत.

हे मुद्दाम लिहितेय, कारण 'पौष्टिक खायला महागडं यंत्र लागतं' असा समज आपल्या वर्गांमध्ये शिरायला लागलाय. तो मला फ्राइजपेक्षा जास्त घातक वाटतो.

शिक्षकांना दोन शब्द

एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम विक्रीला आहे, घरून येणाऱ्या डब्याला नाही. डब्याची जबाबदारी पालकांची, आणि काही अंशी आपण वर्गात काय बोलतो त्याची.

एकाच रांगेत एका मुलीच्या डब्यात सजवलेल्या फ्राइज असतात आणि शेजारच्या मुलाच्या डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा आणि मेथीची भाजी. 'हेल्दी टिफिन' स्पर्धेत आपण टाळ्या कोणाला देतो? रंगीत कागद, छत्री टोचलेली टूथपिक, आकारात कापलेला पदार्थ यांना गुण मिळाले की भाकरीवाला मूल डब्याचं झाकण अर्धंच उघडतं. हे मी वर्गात पाहिलंय. ज्या डब्यात धान्य, पालेभाजी आणि घरच्यांचे कष्ट सगळं आहे, तो लपवायची वेळ मुलावर येऊ नये. म्हणून माझी विनंती, डब्याच्या सजावटीला गुण देऊ नका. डब्यात काय काय आहे ते मुलांना सांगू द्या आणि प्रत्येक डब्यातली एक चांगली गोष्ट वर्गाने शोधावी.

फ्राइजचा विषय मात्र अध्यापनाला फार उपयोगी आहे. मुलांच्या आवडीचा असल्यामुळे लक्ष लगेच लागतं. परिसर अभ्यासात बटाट्याच्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग दाखवा, स्टार्च ओळखता येतो. (हा काप नंतर फेकून द्यायचा, खायचा नाही, हे आधीच बजावा.) गणितात वरचं दोन घरांचं उदाहरण घ्या. शिवाय १४०० वॅटचं यंत्र वीस मिनिटं चाललं तर साधारण अर्धा युनिट वीज जळते, हेही मोठ्या मुलांना काढता येईल. भूगोलात बटाट्याचा प्रवास सांगा. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, आणि आज आपल्या पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पिकतो. भाषेच्या तासाला विचारा, हिंदीत 'आलू' असताना आपल्याकडे 'बटाटा' कसा? तो शब्द पोर्तुगीजांकडून आलाय हे कळलं की मुलांचे डोळे चमकतात. एका पदार्थात चार तास सहज निघतात.

मग पालकांना काय सांगायचं?

मी पालकांना आता चार गोष्टी सांगते. फ्राइज पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या दिवशी करा. पाकिटातल्या नकोत, ताज्या बटाट्याच्या करा. शक्यतो डब्यात देऊ नका, कारण डब्यात दोन तासांत त्या मऊ पडतात आणि मूल नुसत्या केचपच्या आधाराने खातं. घरी, सगळे बसलेले असताना, गरमागरम खा. आणि चौथी गोष्ट, करताना मुलाला सोबत घ्या. धुणं, भिजवणं, पंचाने टिपणं, तेल चोळणं ही कामं सात-आठ वर्षांचं मूल सहज करतं. सुरी आणि गरम टोपली तेवढी आपल्या हातात ठेवा.

या शेवटच्या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त अर्थ वाटतो. बटण दाबलं की पदार्थ तयार, एवढंच मुलाने पाहिलं तर त्याच्यासाठी दुकान आणि घर यांत फरक उरत नाही. पण अर्धा तास भिजवायचं, टिपायचं, वाट बघायची, मग खायचं, हे केलं की त्या पदार्थामागचे कष्ट त्याला कळतात. ज्या पदार्थाला एवढा खटाटोप लागतो तो रोज करत नाहीत, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तेव्हा पालकहो, एअर फ्रायर घेतला असेल तर खुशाल वापरा. ते तेल कमी करायचं चांगलं साधन आहे. त्याला परवानापत्र मात्र समजू नका. आणि तुमच्या मुलाने "आज फ्राइज?" असं विचारलं, तर त्याच्या हातात कॅलेंडर द्या, मागच्या वेळी कधी केल्या होत्या ते त्यालाच शोधू द्या आणि पुढची तारीख त्यालाच लिहू द्या.